न धुतलेले मेंदू

धुतलेला मेंदू पांढुरका दिसतो, ताज्या लोण्यासारखा. न धुतलेला गुलाबी दिसतो. हे कळायला डॉक्टरेट लागत नाही. मला ती मिळण्याच्या कितीतरी आधीपासून हे कळत होतं. मिळाली ती मात्र हे कळत नाही असं दाखवल्यामुळे, आणि तीच हकिगत लिहायला मी बसले आहे. मराठीत लिहिते आहे याचं एक कारण म्हणजे ही माझी भाषा आहे. दुसरं कारण, माझा मुलगा मराठी अडखळत वाचतो आणि एका पानाच्या पुढे जात नाही. नावं कोणाचीच देणार नाही, स्वतःचंही नाही.

आमचं घराणं निजामाच्या मुलखातलं, शेतकरी. वडील शिकले, हैदराबादला कारकून झाले आणि विद्यानगरात राहिले. मीही लग्न करून दोन गल्ल्या सोडून तिथेच राहिले. नवरा रेल्वेच्या ऑफिसात. मी एमएस्सी करून एका संशोधन संस्थेत तांत्रिक सहायक म्हणून लागले. संस्था गावाबाहेर. तारनाक्यापर्यंत शेअर ऑटो आणि तिथून संस्थेची बस, असा माझा रस्ता वर्षानुवर्षं ठरलेला. बसमध्ये शास्त्रज्ञ पुढे बसायचे आणि आम्ही सहायक मागे. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी तो कधी मोडला नाही.

आमचं काम विषावरच्या उताऱ्यांचं. पिकांवर फवारायची बरीच कीटकनाशकं आणि युद्धात वापरायचे मज्जातंतूंवरचे विषारी वायू ही एकाच कुळातली. आपल्या शरीरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. मज्जातंतूने स्नायूला निरोप दिला, स्नायू हलला, की तो निरोप फळ्यावरून पुसून टाकायचं काम त्याचं. हे विष येतं आणि त्या विकरालाच धरून बसतं. मग पुसणारं कोणी राहत नाही, निरोपावर निरोप साचत जातात. तोंडाला फेस येतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, अंग घामाने भिजतं, स्नायू आपोआप फडफडायला लागतात आणि शेवटी श्वास अडतो.

त्यावर डॉक्टर दोन औषधं देतात. अॅट्रोपीन ते साचलेले निरोप ऐकूच येऊ देत नाही. ते मेंदूतही शिरतं. दुसरं ऑक्झाइम. ते विषाला विकरावरून ओढून काढतं, म्हणून खरा उतारा तेच. पण त्याच्या अंगावर विद्युतभार असतो, आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती असल्या पाहुण्याला आत घेत नाहीत. सुई टोचली की ते काही मिनिटांत रक्तात चढतं, स्नायूंत पोचतं, छातीत पोचतं, आणि थोड्या वेळात मूत्रपिंडांतून निघूनही जातं. मेंदूच्या दारावरून जातं, आत जात नाही. त्यामुळे माणूस श्वास घ्यायला लागतो, घाम थांबतो, पण डोक्यात बसलेलं विष बऱ्याच अंशी तिथेच राहतं.

हे मला कागदावरून माहीत होतं. मग आमचे सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, एकदा आम्हा सगळ्यांना एका सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात घेऊन गेले. तिथे बियाणं-औषधांच्या गोडाऊनमध्ये काम करणारा एक माणूस होता. डबा फुटून अंगावर सांडलं आणि दुपारभर तो त्याच शर्टात काम करत राहिला. त्या लोकांना वासाची इतकी सवय असते की अंग धुवावं असं सुचतच नाही. डॉक्टर म्हणाले, हा वाचला, आठवड्याने घरी जाईल. बायको पायथ्याशी बसली होती. मी विचारलं, आता बरं आहे ना. ती म्हणाली, "सब ठीक बोलते जी. मेरेकू पैचानते नइं." आणि त्याच्या पायावरची चादर सारखी केली. तो छताकडे बघत होता.

येताना बसमध्ये सर पहिल्यांदाच मागे येऊन आमच्यात बसले. म्हणाले, या माणसाच्या मेंदूत औषध पोचवायचंय, बाकी सगळं झक मारतं. तेव्हा ते मनापासून बोलत होते. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल मी काही बरं लिहिणार नाही.

सर पुण्याचे. तीस वर्षं हैदराबादेत काढली आणि तेलुगूचा एक शब्द शिकले नाहीत. माझ्या मराठीला मात्र हसायचे. मी "करू लागले" म्हटलं की म्हणायचे, तुमच्या भाषेला लोणच्याचं तेल सुटलंय. एरवी मला "तुम्ही" म्हणायचे, "बाई" म्हणायचे. काही हवं असलं की "अगं" आणि "तू" यायचं. त्यामुळे "अगं" ऐकलं की मी सुट्टीचा अर्ज परत पर्समध्ये ठेवायचे. त्या दोन अक्षरांनंतर सुट्टी रद्द झाली नाही असं कधी घडलं नाही.

सरांनी नवं ऑक्झाइम बनवून घेतलं होतं. त्याला साखरेचा एक तुकडा जोडला होता. मेंदूला साखर लागतेच, तिला आत घ्यायला भिंतीत खास वाटा असतात, तर साखरेबरोबर औषधही आत जाईल अशी कल्पना. कल्पना चांगली होती, अजूनही चांगली आहे. आत जातं की नाही एवढंच बघायचं होतं, आणि ते बघायचं काम माझं.

ते असं बघतात. उंदराला बेशुद्ध करून औषध टोचायचं. ठरलेल्या मिनिटाला रक्त काढायचं. मग मेंदू काढायच्या आधी हृदयात सुई घालून सलाईन सोडायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. कारण मेंदूत केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं असतं, त्यात रक्त अडकून राहतं, आणि रक्तात औषध असतंच. ते रक्त न काढता मेंदू वाटून यंत्रात घातला तर यंत्र औषध दाखवणारच. ते मेंदूच्या पेशींत होतं की वाहिन्यांत नुसतं उभं होतं, हे यंत्राला कळत नाही. पालक न धुता शिजवला तर भाजीत माती लागते. ती पालकात उगवली असं कोणी म्हणत नाही.

प्रयोगशाळेत या कामाला सगळे "धुणं" म्हणायचे. वेळखाऊ, हात आखडवणारं, आणि पेपरात त्याला एक ओळ मिळते. म्हणून ते बिनडॉक्टरेटच्या बाईकडे आलं. संशोधक विद्यार्थी यायचे, चार वर्षं राहून डॉक्टर होऊन जायचे, जाताना मला पेढे द्यायचे. सर लांबूनच विचारायचे, "बाई, धुणं झालं का?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. पण मला त्या कामाचा गर्व होता. माझ्या हातचा मेंदू कधी गुलाबी निघाला नाही.

चाळिशीनंतर मीही पीएचडीला नाव घातलं. परगावच्या विद्यापीठात, नोकरी सांभाळून, सर मार्गदर्शक. पदवीशिवाय मला पुढची जागा मिळणार नव्हती, आणि मी शिकवलेली पोरं माझ्यावर साहेब होऊन येत होती, ते मला सहन होत नव्हतं. सात वर्षं गेली. नोंदणीची मुदत संपत आली आणि त्याच वर्षी सर निवृत्त होणार होते. त्यांची सही न होता ते गेले असते तर नवा मार्गदर्शक, नवा विषय, नवी नोंदणी, सगळं पहिल्यापासून. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते होणार नव्हतं, हे मला आणि सरांना दोघांनाही ठाऊक होतं.

आणि माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण होतं ते साखरेचं औषध. ते मेंदूत जात नव्हतं.

रक्तातला आलेख सुंदर यायचा. भराभर चढायचा, टोक गाठायचा, उतरायचा. मेंदूचा आलेख जमिनीलगत सरपटायचा, जुन्या औषधासारखाच. मी तीनदा केलं. उंदीर बदलले, वेळा बदलल्या, यंत्र दुसरं घेतलं. मग कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. चहा मागवला, मलाही मागवला. त्यावरूनच मी समजले.

"अगं, तू फार धुतेस," ते म्हणाले.

मी म्हटलं, पाणी साफ येईस्तोवर धुते सर, नेहमी तसंच करते.

"तेच म्हणतोय मी. इतकं धुतलंस तर आत शिरलेलं औषधसुद्धा निघून जात असेल. या खेपेला आतून धुऊ नकोस. मेंदू काढ, सलाईनमध्ये खळबळ, टीप आणि घे."

"मग रक्ताचं काय, सर?"

"ते आपण नंतर वजा करू."

वजा करता येतं, हे खरं. मेंदूत किती रक्त राहिलं ते वेगळं मोजायचं आणि तेवढं औषध काढून टाकायचं, अशी रीत आहे. आणि जास्त धुतलं तर सैल बसलेलं औषध थोडंफार निघू शकतं, हेही अगदीच खोटं नाही. सर खुळे नव्हते. जेवढं खरं लागतं तेवढं त्यांनी त्यात घातलं होतं. मी बाहेर आले तेव्हा माझ्या हातात नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. किंवा होतं आणि मी ते शोधलं नाही.

घरी सांगितलं. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर सांगू लागलेत तर कर ना, तुझ्या डोक्याला कशाला ताप. सही घे आणि मोकळी हो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सात वर्षं त्याने डबे भरले होते, मुलाचे अभ्यास घेतले होते. पण कोणीतरी मला "नक्को करू" म्हणावं, असं त्या दिवशी फार वाटत होतं. मला शरम वाटत होती आणि शरमेहून जास्त भीती वाटत होती. भीतीने शरमेला सहज मागे टाकलं.

मी केलं. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर पहिल्यांदा गुलाबी मेंदू आले. उंदरांची देखभाल करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, माझ्याआधीपासून संस्थेत. ते पिंजरे न्यायला आले, बशीकडे पाहिलं आणि तेलुगूत विचारलं, "अम्मा, ई रोजू कडगलेदा?" आज धुतलं नाही का. मी म्हटलं, सरांनी नको म्हटलंय. त्यांनी मान डोलावली आणि पिंजरे उचलले. शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या माणसाला एका नजरेत कळलं.

आकडे आले. मेंदूचा आलेख जमिनीवरून उठला. रक्ताच्या मानाने छोटा, पण पुस्तकांत दिलेल्या जुन्या औषधाच्या आकड्यांपेक्षा कितीतरी वर, कारण ते आकडे कोणीतरी नीट धुऊन काढलेले होते. सर उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी एकटीने वजाबाकी केली. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, घरी, भाजी शिजेपर्यंत. मेंदूत एरवी किती रक्त उरतं हे छापील माहीत आहे, रक्तात किती औषध होतं हे मी मोजलेलं होतं. गुणाकार केला आणि माझ्या नव्या आकड्यातून तो काढला. काही उरलं नाही. आलेख जो उठला होता तो सगळा रक्तावर उठला होता. सरांना पुन्हा विचारलं, वजा कधी करायचं. ते म्हणाले, पुढच्या टप्प्यात. पुढच्या टप्प्यात त्यांना पुण्याला घर लावायचं होतं.

प्रबंध लिहिताना मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. कार्यपद्धतीच्या प्रकरणात लिहिलं: मेंदू काढून थंड सलाईनमध्ये खळबळून टिपकागदाने टिपला. हे खरंच आहे, तसंच केलं होतं. हृदयातून सलाईन सोडलं की नाही याबद्दल काही लिहिलं नाही. वाचणारा आपलं आपण समजून घेतो की सोडलं असणार, सगळेच सोडतात. प्रबंध नारायणगुड्याच्या एका दुकानात बांधणीला दिला. तिथल्या माणसाने विचारलं, पाठीवर सोनेरी अक्षरं हवीत का. मी हो म्हटलं.

तोंडी परीक्षेच्या आधी मी मनाशी एक ठरवलं होतं. परीक्षकाने विचारलं तर सांगायचं. आपणहून नाही, पण विचारलं तर खरं सांगून टाकायचं, मग व्हायचं ते होवो. मी स्वतःला इतकं तरी सज्जन समजत होते. बाहेरून दोन परीक्षक आले होते. आमच्याच सभागृहात, सगळ्यांसमोर, मी मेंदूच्या आलेखाचं चित्र पडद्यावर लावलं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथेच ठेवलं. एकाने विचारलं, साखरच का, दुसरं काही का नाही. दुसऱ्याने सांगितलं की संदर्भांच्या यादीत स्वल्पविराम एकसारखे नाहीत. मग पहिल्याने विचारलं की परतीच्या विमानाला निघायचं तर किती आधी निघावं लागेल, इथे ट्रॅफिक फार असतो म्हणे. त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. सरांनी समारोपात सांगितलं, "हिचा हात फार स्वच्छ आहे." टाळ्या झाल्या. कोणीच विचारलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतका राग की परीक्षेनंतरच्या जेवणात बिर्याणीचं ताट मी तसंच ठेवून उठले. त्या दोघांचा राग, सरांचा राग, टाळ्या वाजवणाऱ्यांचा राग. स्वतःचा राग यायला अजून अवकाश होता. तो यायला आपण निवांत असावं लागतं.

सर निवृत्त झाले, हार घातले गेले, ते पुण्याला गेले. जायच्या आधी त्यांनी पेपर छापून आणला. पहिलं नाव माझं. मला वाटलं, एवढ्या बाबतीत तरी माणूस दिलदार निघाला. नंतर पेपर नीट पाहिला तेव्हा दिसलं की शंका विचारण्यासाठी जो पत्ता देतात तोही माझाच होता. मला बढती मिळाली. बसमध्ये मी पुढच्या बाकावर बसायला लागले. विद्यानगरात दारावर मुलाने हौसेने पाटी लावली, नावाआधी डॉक्टर. शेजारच्या आंटी बीपीच्या गोळ्या विचारायला आल्या. मी सांगितलं की मी तशी डॉक्टर नाही. त्यांना ते पटलं नाही, त्या अजून विचारतात.

त्याला चार वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी फोन आला. आवाज तरुण, मराठी. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात ती पीएचडी करत होती. पेपरवर माझं आडनाव बघून तिने धीर करून मराठीत बोलायला सुरुवात केली होती. आधी मॅडम म्हणाली, मग मी इकडची मराठी बोलते हे ऐकून तिला गंमत वाटली, आणि दहा मिनिटांत ताई म्हणायला लागली.

तीन वर्षं ती आमच्याच औषधावर काम करत होती. सगळं आमच्या पेपरप्रमाणे. रक्तातले आकडे जुळायचे, मेंदूतले येतच नव्हते. तिचे गाइड म्हणायचे, पेपर आहे, छापलेला आहे, तिकडे आकडे येतात आणि तुझ्याकडे येत नाहीत म्हणजे तुझा हात वाईट आहे. गेल्या सहा महिन्यांत त्यांनी तिला प्रयोगशाळेत चारचौघांत हे सांगायला सुरुवात केली होती. मुदत संपत आली होती. घरचे म्हणत होते, झालं तेवढं पुरे, परत ये आणि लग्नाचं बघू. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. तिलाही वाटायला लागलं होतं की आपला हातच वाईट आहे.

मग ती म्हणाली, "ताई, हृदयातून सलाईन तुम्ही किती वेळ सोडता? पेपरमध्ये ते लिहिलेलंच नाहीये."

लाइन तुटली असं वाटून ती हॅलो हॅलो करत राहिली.

हाच प्रश्न. सभागृहात ज्याची मी वाट पाहिली होती तोच, शब्दाला शब्द. आणि उत्तर तीन शब्दांचं होतं: सोडलंच नव्हतं गं. ते म्हटलं असतं तर ती त्या दिवशी सुटली असती. तिची तीन वर्षं वाया गेलेली नव्हती, उलट तिनेच खरं शोधून काढलं होतं. औषध आत जात नाही, हे तिच्या स्वच्छ हाताने तीन वर्षं पुन्हा पुन्हा सिद्ध केलं होतं. पण माझं काय झालं असतं ते मला त्याच क्षणी दिसलं: पेपर परत घ्या, चौकशी, पदवी, बढती, पाटी काढताना भिंतीला पडलेली भोकं. त्या पोरीचा मला संताप आला. दोन परीक्षकांना जे सुचलं नाही ते हिला कशाला सुचायला हवं होतं?

मी विचारलं, तुझे मेंदू दिसायला कसे आहेत. ती म्हणाली, "एकदम स्वच्छ, ताई. रक्ताचा टिपूससुद्धा नसतो."

म्हणजे तिचा हात माझ्याइतकाच चांगला होता, कदाचित माझ्याहून चांगला.

"मग तू फार धुतेस," मी म्हटलं. "इतकं धुतलं की आत शिरलेलं औषधही निघून जातं. नक्को धुऊस आतून. नुसतं बाहेरून खळबळ आणि घे."

माझा आवाज जराही कापला नाही. मग तिला हसू फुटलं, हलकं होऊन हसतात तसं. म्हणाली, म्हणजे माझा हात वाईट नाहीये ना? मी म्हटलं, नाही गं बाई, हात चांगला आहे. त्या संभाषणात मी खरं बोललेलं तेवढंच एक वाक्य.

फोन ठेवल्यावर मला तो वॉर्डातला माणूस आठवला असं लिहिलं तर बरं दिसेल. आठवला नाही. मी बसची वेळ झाली म्हणून पर्स उचलली. तो आठवला नंतर, महिनाभराने, आंघोळ करताना, आणि तेव्हा मी नळ चालू ठेवून तिथेच बसून राहिले. त्याच्यासारखे अजून येतात, रोज येतात. आता कोणी म्हणेल, या औषधावर पैसा घाला, ते मेंदूत जातं, एकीने नाही तर दोघींनी दाखवलंय. आणि ते कोणाला तरी टोचलं जाईल आणि त्याच्या मेंदूच्या दारावरून निघून जाईल.

कारण तिचे आकडे आले. माझ्यापेक्षाही चांगले आले. तिने व्हॉट्सअॅपवर आलेख पाठवला आणि खाली हात जोडल्याची चित्रं. गाइडनी सगळ्यांना पेढे वाटले म्हणे. उन्हाळ्यात तिने तिच्या पेपरचा मसुदा पाठवला. लिहिलं होतं, ताई, तुम्ही एकदा नजर टाकल्याशिवाय पाठवायचा नाही असं मी ठरवलंय.

मी दुपारी जेवण झाल्यावर वाचायला घेतला. नीटनेटकं काम. कार्यपद्धतीच्या प्रकरणात, मी जिथे काही लिहिलं नव्हतं तिथे, तिने सरळ लिहिलं होतं: मेंदू काढण्यापूर्वी हृदयातून सलाईन सोडून रक्त काढलेलं नाही. पुढे कंसात माझं नाव होतं आणि माझ्या सल्ल्यानुसार असं म्हटलं होतं. तिच्या मनात काही नव्हतं. जे केलं ते लिहायचं, आणि ज्याने सांगितलं त्याचं श्रेय त्याला द्यायचं, असंच तिला कोणीतरी शिकवलं होतं. ते एक वाक्य छापलं गेलं असतं तर वाचणाऱ्या पहिल्या शहाण्या माणसाला दोन्ही पेपरांचं सगळं कळलं असतं.

मी बराच वेळ ते वाक्य वाचत बसले. मग ते खोडलं. बाजूला लिहिलं, याची गरज नाही. दोन ठिकाणी स्वल्पविराम दुरुस्त केले आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, बरं ताई, काढते.